आधी हिशेब, मग आरोप

नव्या पिकअपचे इंजिन ऑइल कमी होऊ लागले तर...

व्यापारी कुटुंबात मालवाहू वाहन येते ते व्यवसायाचा आधार म्हणून. भुसार, किराणा, कापड, भांडी किंवा लोखंड-सिमेंट, व्यवसाय कोणताही असो. माल ठरल्या वेळी गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचला तरच बाजारात शब्द टिकतो. म्हणूनच नवी पिकअप दारात उभी राहिली की वडीलधाऱ्यांच्या हस्ते तिच्यावर स्वस्तिक रेखाटले जाते, नवकार मंत्राचे स्मरण होते आणि मगच पहिला माल चढतो. पुढील चार-पाच वर्षांचे हप्ते त्याच चाकांवर फेडायचे असतात.

अशा वाहनाचे इंजिन ऑइल तीन-चार हजार किलोमीटरच्या आतच कमी झालेले दिसले, की पेढीवर अस्वस्थता पसरते. पहिला संशय बहुधा ड्रायव्हरवर जातो. ऑइल काढून विकले असेल. दुसरा सर्व्हिस सेंटरवर. पूर्ण भरलेच नसेल. तिसरा कंपनीवर, इंजिनच सदोष दिले असेल. या तिन्ही शक्यता खऱ्या असू शकतात, तशाच तिन्ही खोट्याही असू शकतात. कोणती खरी हे ठरवण्याचे साधन मात्र व्यापाऱ्याच्या गादीवर पिढ्यान्‌पिढ्या पडलेले आहे. ते साधन म्हणजे वही.

प्रतिक्रमणात अठरा पापस्थानकांचा उच्चार होतो, त्यात तेरावे नाव येते ‘अभ्याख्यान’. खातरजमा न करता दुसऱ्यावर खोटा दोष ठेवणे, असा त्याचा अर्थ. वरवर पाहता इंजिन ऑइलचा आणि या पापस्थानकाचा संबंध दूरचा वाटेल. परंतु अर्धा लिटर ऑइलच्या संशयावरून काढून टाकलेल्या ड्रायव्हरला त्याच मार्केट यार्डात दुसरी पेढी सहसा उभी करत नाही. सहा महिन्यांनी पिस्टनच्या रिंगांचा दोष उघड झाला तरी त्याचे गेलेले नाव परत येत नाही. इंजिनाला नुकसान झाले तर ते पैशांनी भरून निघते. माणसावर ठेवलेल्या खोट्या ठपक्याची भरपाई तशी होत नाही.

ऑइल जाते कुठे?

इंजिनातील प्रत्येक पिस्टनला साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन रिंगा जळणाऱ्या वायूचा दाब अडवतात आणि तिसरी सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा ऑइल खाली निरपते. तरीही एक अत्यंत पातळ थर भिंतीवर राहतो. तो राहिला नाही तर धातूवर धातू घासेल. या थराचा अल्पसा भाग प्रत्येक स्फोटाबरोबर जळतो. तेव्हा थोडे ऑइल जळणे हा इंजिनाचा स्वभावच आहे. किती जळते, हा खरा प्रश्न.

जास्त ऑइल जाण्याचे मार्ग मोजकेच आहेत. रिंगा नीट बसल्या नसतील तर ते सिलिंडरमध्ये वर चढून जळते. व्हॉल्व्हच्या सील कमकुवत असतील तर वरून झिरपते. टर्बोच्या सीलमधून ते हवेच्या किंवा धुराच्या मार्गात शिरते. इंजिनाच्या पोटातील वाफ पुन्हा हवेच्या मार्गाकडे नेणारी ब्रीदरची नळी तुंबली, तर दाब वाढून ऑइलही तिच्यासोबत ओढले जाते. शेवटचा मार्ग सर्वांत साधा आहे, तो म्हणजे गळती. ड्रेन प्लगखालचा वायसर, ऑइल फिल्टरचे रबर, एखादे गॅस्केट. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर लगेच ऑइल कमी होऊ लागले, तर तज्ज्ञ मेकॅनिक प्रथम हीच ठिकाणे पाहतो. जुन्या फिल्टरचे रबर इंजिनाला चिकटून राहिले आणि त्यावरच नवा फिल्टर कसला गेला, तर दोन रबरांच्या फटीतून ऑइल वाहू लागते.

निळसर धूर ही ऑइल जळण्याची जुनी खूण. परंतु १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर ही खूण पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही. डिझेल वाहनाच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असेल, तर बराचसा धूर तिथेच अडतो. ‘धूर तर दिसत नाही, मग ऑइल जळते कसे?’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा त्या फिल्टरमध्ये दडलेले असते.

नवे इंजिन म्हणून निर्दोष इंजिन?

नव्या सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत ठेवलेली नसते. तिच्यावर मुद्दाम बारीक तिरक्या रेषा कोरलेल्या असतात. त्या रेषा ऑइल धरून ठेवतात आणि सुरुवातीच्या किलोमीटरांत रिंगा त्या भिंतीशी घासून आपली नेमकी बैठक घेतात. यालाच रनिंग-इन म्हणतात. या काळात ऑइल थोडे अधिक जाणे स्वाभाविक आहे. पुढे ते कमी व्हायला हवे.

ही बैठक बिघडवणाऱ्या सवयी दोन टोकांच्या आहेत. पहिल्याच आठवड्यात क्षमतेपेक्षा जास्त माल लादून कसारा किंवा खंबाटकी घाट चढवला, तर इंजिनावर अकाली ताण येतो. उलट, माल उतरेपर्यंत तासन्‌तास इंजिन रिकामेच चालू ठेवले, तर रिंगांवर पुरेसा दाब पडत नाही आणि सिलिंडरच्या भिंतीवर एक चकचकीत लेप जमतो. त्या लेपामुळे रिंगा पुढे कधीच नीट बसत नाहीत. मध्यम भार, बदलता वेग आणि पुस्तिकेत सांगितलेली मर्यादा एवढे पथ्य पाळले, तर पुष्कळसा त्रास टळतो.

मात्र सर्व पथ्ये पाळूनही दोष मुळातच असू शकतो. अमेरिकेतील एक मोठा खटला याचे उदाहरण आहे. जनरल मोटर्स कंपनीच्या २०११ ते २०१४ या मॉडेल-वर्षांतील काही पिकअप आणि मोठ्या गाड्यांत ५.३ लिटरचे व्ही-८ इंजिन होते. पिस्टनच्या रिंगांमधील दोषामुळे हे इंजिन अवाजवी ऑइल पिते, असा दावा मालकांनी डिसेंबर २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील संघीय न्यायालयात दाखल केला. कंपनीने आरोप नाकारला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्यूरीने मालकांच्या बाजूने कौल देऊन सुमारे १० कोटी २६ लाख डॉलरची भरपाई ठरवली. त्या कौलात कॅलिफोर्निया, नॉर्थ कॅरोलायना आणि आयडाहो या तीन राज्यांतील सुमारे ३८,००० मालकांचा समावेश होता. नवे इंजिन ऑइल पिऊच शकत नाही, या समजुतीला हे पुरेसे उत्तर आहे. एकट्यादुकट्याची कुरकुर म्हणून जी तक्रार सहज बाजूला सारली गेली असती, ती हजारोंची एकत्र आल्यावर न्यायालयात उभी राहू शकली.

वहीतले सहा रकाने

आपल्याकडील व्यापाऱ्याला एवढ्या दूर जाण्याची गरज नाही. रोजमेळ लिहिणाऱ्या हातांनी वाहनासाठी एक छोटी वही घालावी. तिच्यात सहा रकाने पुरतात : तारीख, मीटरवरील किलोमीटर, डिपस्टिकवरील पातळी, भरलेल्या ऑइलचे वजन, त्या काळातील फेऱ्यांचे स्वरूप आणि पाहणाऱ्याची सही.

पातळी पाहण्याची रीत दरवेळी एकच असावी. गाडी सपाट जागेवर उभी करावी. इंजिन गरम असताना बंद करून, पुस्तिकेत सांगितलेला वेळ, साधारणतः पाच ते दहा मिनिटे, थांबावे म्हणजे वर गेलेले ऑइल खाली उतरते. डिपस्टिक काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग वाचावी. एकदा उतारावर आणि एकदा सपाटीवर, एकदा थंड आणि एकदा गरम असे मापन केले तर वहीतील आकड्यांना काहीच अर्थ उरत नाही. वरच्या आणि खालच्या खुणेतील अंतर अनेक इंजिनांत सुमारे एक लिटरचे असते. आपल्या वाहनासाठी नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा.

भरलेल्या ऑइलचा हिशेब अंदाजाने ठेवू नये. डब्यातून ‘थोडे ओतले’ या नोंदीला हिशेबात किंमत नाही. दुकानातील काटा इथे कामी येतो. ओतण्यापूर्वी डबा तोलावा, ओतल्यावर पुन्हा तोलावा. इंजिन ऑइलचे एक लिटर साधारण ८७० ग्रॅम भरते. समजा, १,५०० किलोमीटर धावल्यानंतर पातळी मूळ खुणेवर आणण्यासाठी ५२० ग्रॅम ऑइल लागले. म्हणजे सुमारे ६०० मिलिलिटर. अर्थात १,००० किलोमीटरला ४०० मिलिलिटर. हा दर हाती आला की पुढचे बोलणे ठोस होते. काही उत्पादक १,००० किलोमीटरला अर्धा लिटर, तर काही एक लिटरपर्यंतचा वापर मर्यादेत मानतात. आपल्या कंपनीची मर्यादा पुस्तिकेतून किंवा सर्व्हिस सेंटरकडून लेखी मिळवावी.

आणखी एक काळजी घ्यावी. वाहन ताब्यात घेताना आणि प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर तिथल्या आवारातच पातळी पाहून वहीत लिहावी. सुरुवातीची शिल्लकच चुकीची असेल तर पुढची सगळी खतावणी चुकते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आकडे काय सांगतात?

तीन-चार हजार किलोमीटरच्या नोंदी जमल्या की चित्र स्पष्ट होऊ लागते. दर सुरुवातीला जास्त आणि पुढे प्रत्येक हजारी कमी होत असेल, तर रिंगा बसत आहेत, धीर धरावा. दर स्थिर किंवा वाढता असेल, तर आत कुठेतरी ऑइल जळत आहे; तपासणी लांबवू नये. पेट्रोल किंवा सीएनजीवरील पिकअपमध्ये लांब घाट उतरून पुन्हा वेग देताना निळा धूर दिसला, तर व्हॉल्व्हच्या सीलकडे बोट जाते. रविवारी गाडी उभी असतानाही पातळी घटत असेल, तर गळती शोधावी. रात्री इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा अंथरून सकाळी पाहिला तरी ती सापडते. कूलंटही त्याच वेळी कमी होत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घेऊन वाहन ताबडतोब थांबवावे.

कधी कधी पातळी कमी होण्याऐवजी वाढते आणि मालक समाधान मानतो. डीपीएफ असलेले डिझेल वाहन शहरातल्या छोट्या फेऱ्यांवरच फिरत असेल, तर काजळी जाळण्यासाठी सोडलेल्या जादा डिझेलचा काही भाग ऑइलमध्ये मिसळतो. पातळी वाढते, पण ऑइल पातळ होऊन त्याची संरक्षणशक्ती घटते. मग एखादी पुणे-नाशिकसारखी लांब फेरी झाली की ते डिझेल उडून जाते आणि पातळी एकाएकी उतरते. ज्याने ‘फेऱ्यांचे स्वरूप’ हा रकाना भरलेला नाही, त्याला ही उतरलेली पातळी चोरीसारखी भासते.

चोरीचा प्रश्नही वहीच सोडवते. इंजिनाने जाळलेले ऑइल धावलेल्या किलोमीटरांच्या प्रमाणात कमी होते. चोरलेले ऑइल एका दिवसात, किलोमीटरांचा संबंध न ठेवता कमी होते. ड्रेन प्लग कसलेला असताना प्लग आणि चेंबर यांवर मिळून रंगाची एक रेघ ओढावी. प्लग कोणी फिरवला तर रेघ तुटलेली दिसते. हे काम ड्रायव्हरच्या समक्ष, त्याला कारण सांगून करावे. वहीत पाहणारा म्हणून त्याचीही सही घ्यावी. अशाने त्याच्यावर पाळत ठेवल्याची भावना राहत नाही, उलट त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा रोज तयार होत जातो.

सर्व्हिस सेंटरपुढे उभे राहताना

अशी वही घेऊन जाणाऱ्या मालकाला ‘नव्या गाडीत असे होतेच’ या वाक्यावर परत पाठवणे सोपे नसते. त्याने तक्रार लेखी द्यावी, जॉब कार्डवर ती शब्दशः नोंदवून घ्यावी आणि प्रत जपून ठेवावी. त्यानंतर ऑइल कन्झम्प्शन टेस्टची मागणी करावी. या चाचणीत ऑइल मोजून भरतात, ड्रेन प्लग आणि भरण्याचे झाकण यांना सील करतात, ठरावीक अंतर, बहुधा १,००० किलोमीटर, वाहन चालवून पुन्हा मोजतात. वापर मर्यादेबाहेर निघाला तर पुढे कॉम्प्रेशन टेस्ट, लीक-डाउन टेस्ट, छोट्या कॅमेऱ्याने सिलिंडरची पाहणी आणि टर्बोच्या नळ्यांची तपासणी होते.

निदान होईपर्यंत काही मोह टाळावेत. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडपेक्षा जाड ऑइल घातले तर वापर काही दिवस कमी दिसतो, पण दोष झाकला जातो आणि वॉरंटी नाकारायला निमित्त मिळते. बाजारातील घट्ट करणाऱ्या मिश्रणांचेही तेच. डीपीएफ असलेल्या वाहनाला कमी राख सोडणारे ऑइलच लागते. दुसरे घातल्यास तो महागडा फिल्टर तुंबतो. ‘कमी पडू नये’ म्हणून वरच्या खुणेच्याही वर ऑइल भरणे तर उघड नुकसानीचे आहे. क्रँकशाफ्ट ते घुसळून त्याचा फेस करतो आणि जादा ऑइल ब्रीदरच्या वाटेने जळायला जाते. मात्र पातळी खालच्या खुणेपाशी आली असताना ‘पुरावा राहावा’ म्हणून गाडी तशीच दामटणेही तितकेच चूक. योग्य ग्रेडचे ऑइल घालावे, वजन लिहावे, बिल जोडावे.

वही दुधारी असते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. दीड टन क्षमतेच्या वाहनात अडीच टन माल नेल्याच्या वजन-चिठ्ठ्या कंपनीच्या हाती गेल्या, तर तिची बाजू भक्कम होते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. दुसऱ्याकडे चोख हिशेब मागणाऱ्याचा स्वतःचा हिशेबही चोख असला पाहिजे. म्हणून नको त्या नोंदी मागाहून खोडण्याचा विचारही मनात येऊ देऊ नये. कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लिखाण, हा सत्याणुव्रताचा अतिचार मानलेला आहे.

कायद्याचे दार

वॉरंटीच्या काळात प्रश्न सुटला नाही तर अनेकांना ग्राहक आयोग आठवतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मोबदला ५० लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि कारण घडल्यापासून २ वर्षांत ती दाखल करावी लागते. वस्तूतील दोष प्रयोगशाळेत तपासून घेण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक प्राथमिक सल्ल्यासाठी उपयोगी पडतो.

परंतु व्यापारी कुटुंबांनी इथे एक मेख ओळखून ठेवावी. ‘व्यापारी हेतूने’ वस्तू घेणारा या कायद्याच्या दृष्टीने ग्राहक नसतो. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी वस्तू वापरणाऱ्याला तेवढा अपवाद आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा फरक उलगडून दाखवला. स्वतः चालवण्यासाठी घेतलेले वाहन या अपवादात बसू शकते. पूर्णपणे दुसऱ्याने चालवायचे वाहन बसत नाही. मोठ्या पेढीच्या नावे घेतलेली आणि पगारी ड्रायव्हर चालवत असलेली पिकअप म्हणूनच या दारात अडखळण्याची शक्यता अधिक. अशा वेळी वॉरंटीचा करार आणि १९३० चा माल विक्री कायदा यांच्या आधारे दिवाणी न्यायालयाचा मार्ग राहतो. कोणत्या मार्गाने जावे, हे वाहन कोणाच्या नावावर आणि कोणत्या वापरासाठी घेतले यावर ठरते. वकिलाचा सल्ला वॉरंटी संपण्यापूर्वीच घेतलेला बरा.

जुन्या ऑइलचाही हिशेब

दुरुस्ती होते, नव्या रिंगा बसतात, ऑइल बदलले जाते. त्या वेळी निघालेले काळे ऑइल कुठे जाते, हे विचारण्याची सवयही लावून घ्यावी. वापरलेले ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. गटारात किंवा मोकळ्या जमिनीवर ओतलेले ऑइल पाण्यावर तवंग धरते, मातीत मुरते आणि तिथल्या सूक्ष्म जीवांच्या नाशाला कारण होते. अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणाऱ्या पिंपातच ते टाकले जाईल, असा आग्रह मालकाने धरला तर सर्व्हिसवाल्याला तो पाळावा लागतो. चालताना, बोलताना, वस्तू उचलताना-ठेवताना जी जयणा आपल्याला शिकवली जाते, ती वाहनाच्या बाबतीतही लागू पडते.

दर आठवड्याला दहा मिनिटे, एक डिपस्टिक, दुकानातला काटा आणि सहा रकान्यांची वही एवढा हा सारा खटाटोप आहे. तेवढ्याने इंजिनातील दोष वेळीच पकडला जातो, वॉरंटीचा हक्क शाबूत राहतो आणि पेढीवर वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहण्याची वेळ येत नाही. संवत्सरीला क्षमायाचना करताना ज्याच्यापुढे हात जोडायचे, अशा माणसांच्या यादीत ड्रायव्हरचे नाव ऑइलपायी तरी येऊ नये.